दोनशे वीस रत्तलांचा मल्लाप्पा

मित्रांनो, आकाशातून दोनशे अकरा वेळा जमिनीवर पडलेला मी एक जुना पुतळा आहे. माझ्या पोटात वाळू आहे, हातापायांत लाकूड आहे आणि डोक्याच्या जागी जाड कॅनव्हासचा एक कोरा गोळा आहे. मला डोळे नाहीत, तोंड नाही. मला पाहून पुष्कळ जण ‘बिचारा’ म्हणतात. मला तो शब्द मान्य नाही. इतक्या वेळा पडूनही ज्याची शिवण अजून धरून आहे, त्याला बिचारा म्हणण्याआधी त्याचे ऐकून तरी घ्या.

माझा जन्म १९५२ सालचा. बंगळूर शहराबाहेर एका धावपट्टीच्या कडेला पत्र्याची लांबलचक शेड होती. तिथे हवाई छत्र्यांची चाचणी होत असे. विमानातून उडी मारणारा शिपाई जिच्या आधाराने खाली उतरतो, ती ही छत्री. नवीन प्रकारची छत्री शिवून आली की ती माणसाच्या पाठीला लगेच बांधायची नाही, आधी पुतळ्याच्या पाठीला बांधून पाहायची, असा तिथला नियम होता. म्हणून मला बनवले.

बनवणाऱ्याचे नाव देवाप्पा. तो मूळचा निपाणीकडचा, बंगळुरात चामराजपेटेत भाड्याच्या खोलीत राहणारा. तारुण्यात त्याने घोडदळात खोगिरे शिवली होती. एकदा घोड्याने त्याला फेकले, डावा पाय मोडला आणि वाकडाच जुळला. तेव्हापासून तो पाय ओढत चालायचा. माझे पाय करताना त्याला आत सरळ भक्कम लाकूड घालून दे, म्हणजे पुतळा टिकेल, असे सांगण्यात आले. देवाप्पाने ऐकले नाही. सागाच्या पट्ट्या तासून तासून त्याने इतक्या बारीक केल्या की त्या माणसाच्या नडगीएवढाच मार सोसतील.

“मान्साचं हाड जितं मोडंल, तितंच ह्येचं मोडाय पायजे,” तो म्हणाला. “न्हाईतर ह्यो खोटं बोलंल.”

नदीची धुतलेली वाळू त्याने माझ्या अंगात ठासून भरली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी शिवण घातली. मग मला मालाच्या वजनकाट्यावर चढवले. बूट, बंदूक आणि पाठीवरचे सामान धरून एका शिपायाचे जेवढे वजन होते, तेवढेच माझे भरले. दोनशे वीस रत्तल, म्हणजे जवळजवळ शंभर किलो. कोणीतरी पांढऱ्या रंगाने तो आकडा माझ्या छातीवर लिहिला. शेडमधल्या लोकांनी माझे नाव मल्लाप्पा ठेवले.

पहिली उडी मला अजून आठवते. विमानाच्या दारातून मला ढकलले आणि वाटले, आता याला अंतच नाही. एक सेकंद झाला तेव्हा माझा वेग सेकंदाला बत्तीस फूट होता, दोन झाले तेव्हा त्याच्या जवळजवळ दुप्पट. पृथ्वी मला ओढत होती आणि तिला अडवणारे कोणीच नाही असे वाटत होते. पण कोणीतरी होते. हवा. मी जितक्या जोराने पडे, तितक्या जोराने ती मला खालून रेटे. माझा वेग दुप्पट झाला की तिचा रेटा चौपट होई. दहा-बारा सेकंदांत तिचा रेटा बरोबर माझ्या वजनाएवढा झाला आणि माझा वेग वाढायचा थांबला. ताशी एकशेवीस मैल, बस. मी पडतच होतो, पण पृथ्वीने कितीही ओढले तरी वेग एका फुटानेही वाढत नव्हता. या वेगाला अंतिम वेग म्हणतात हे मला फार उशिरा कळले. त्या दिवशी एवढेच समजले, की एवढ्या मोठ्या पृथ्वीलाही ‘इथवरच’ असे सांगता येते, आणि सांगणारी हवा डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. मला त्याचा फार आनंद झाला.

मग पाठीवरची छत्री उघडली. मित्रांनो, छत्रीत जादू नसते. ती हवेला रेटायला मोठी जागा देते, एवढेच. त्यामुळे हवा थोड्या वेगातच वजनाची बरोबरी करते. ताशी एकशेवीस मैलांवरून माझा वेग चौदा-पंधरा मैलांवर आला आणि मी मारतहळ्ळीच्या शिवारात, एका नाचणीच्या शेतात, पाठीवर आपटलो.

तेव्हा मारतहळ्ळी एक लहान खेडे होते. शेतात यल्लव्वा नावाची म्हातारी खुरपत होती. आकाशातून माणूस पडलेला पाहून ती धावत आली. माझ्या डोक्यावरून हात फिरवून तिने कमरेचा पितळी तांब्या सोडला आणि “स्वल्प नीरु कुडी, मगा,” म्हणत थोडे पाणी माझ्या कोऱ्या चेहऱ्यावर ओतले. थोडे पाणी पी, बाळा, असे ती म्हणत होती. माणसे येऊन मला उचलू लागली तेव्हा तिला कळले की मी पुतळा आहे. ती हसली नाही. लेकराला असे पाडू नका, असे काहीसे बोलून ती पुन्हा खुरपायला बसली. मला आजवर कोणी दिलेले ते एकमेव पाणी.

त्यानंतर मी पडतच गेलो. रेशमी छत्र्या, सुती छत्र्या, नायलॉनच्या छत्र्या. कधी छत्रीच्या दोऱ्या गुंतल्या आणि मी दगडासारखा आपटलो. कधी माझा हात तुटला, कधी मान. देवाप्पा दर वेळी मला मांडीवर घेऊन शिवायचा आणि मी पुन्हा विमानात चढायचो. पडणे हे माझे काम होते आणि मी ते मान खाली न घालता करत होतो.

१९५५ साली प्रमोदिनीबाई आल्या. प्रमोदिनी वर्दे, पुण्याच्या, भौतिकशास्त्र शिकलेल्या. त्या शहरातल्या मल्लेश्वरमला मावशीकडे राहत. पदर खोचून, पायांत कॅनव्हासचे बूट घालून त्या शेतात उभ्या राहत आणि माझा वेग मोजत. छत्री उघडली की माझ्या कमरेतून शंभर फुटांची बारीक दोरी खाली सुटायची, तिच्या टोकाला शिशाचा गोळा. गोळा जमिनीला टेकला की बाई घड्याळ चालू करत, मी टेकलो की बंद. शंभर फुटांना किती सेकंद लागले, त्यावरून वेग कळे. त्या फार काटेकोर होत्या. बंगळूर समुद्रापासून तीन हजार फूट उंच, इथली हवा मद्रासच्या हवेपेक्षा विरळ, म्हणून इथे सगळे थोडे जोरातच पडणार, हेसुद्धा त्या हिशेबात धरत. सकाळची थंड हवा आणि दुपारची तापलेली हवा यांत त्या फरक करत.

देवाप्पा त्यांना अक्का म्हणे आणि त्या त्याला देवाप्पाण्णा म्हणत. दोघांच्या मराठीत जमीन-अस्मानाचा फरक होता. पण परक्या शहरात आपली भाषा बोलणारे माणूस भेटले, म्हणून दोघेही जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी डबे उघडून बसत.

पुढच्या वर्षी देवाप्पाला विमानातल्या खुर्च्यांच्या गाद्या शिवायला दुसऱ्या शेडमध्ये पाठवले. त्याच महिन्यात मी एका बाभळीत पडलो आणि माझ्या कुशीत वीतभर फाटले. कोठारातल्या माणसाने साध्या सुती दोऱ्याने चार टाके घातले आणि मला पुन्हा विमानात चढवले.

त्या दिवसापासून माझी वाळू गळू लागली. दर पडण्याला मूठभर. कोणाच्या नजरेत येईल इतकी ती नव्हती. प्रत्येक चाचणीच्या कागदावर ‘पुतळ्याचे वजन’ असा एक रकाना होता. माझ्या छातीवर आकडा होताच. लिहिणारा तो पाहून लिही, खाली प्रमोदिनीबाई सही करत, त्याखाली मोठे साहेब सही करत. तीन वर्षे हेच चालले. बाई हवेचा हिशेब करत होत्या आणि मला काट्यावर चढवायचे मात्र कोणाच्याच मनात आले नाही.

मी हलका होत होतो. मला ते कळत होते. हवेत हेलकावे जास्त बसत, जमीन पूर्वीपेक्षा अलगद येई. लोक म्हणत, आजकालच्या छत्र्या काय छान झाल्या आहेत, मल्लाप्पा फुलासारखा उतरतो. प्रत्येक शाबासकी मला टोचत होती. देवाप्पाने ज्याची भीती सांगितली होती ते खोटे बोलणेच माझ्या हातून घडत होते, आणि मला तोंड नव्हते.

१९५९च्या हिवाळ्यात एक नवी छत्री आली. आपल्याच देशात विणलेल्या कापडाची, जुनीपेक्षा लहान, घडी करायला सोपी. ती मोठ्या साहेबांची होती असे म्हटले तरी चालेल. साहेबांचे नाव हयवदन राव. पुण्यात शिकलेले, त्यामुळे मराठी जपून पण नीट बोलत. चार वर्षे त्यांनी त्या छत्रीसाठी घालवली होती. ते वाईट नव्हते. परदेशी छत्र्यांवाचून आपले अडू नये अशी त्यांची खरी तळमळ होती. त्या छत्रीने मला अकरा वेळा उतरवले. अकराही वेळा शंभर फुटांना पावणेपाच सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला एकवीस फूट. बावीसपर्यंत चालतो असा नियम होता. साहेबांनी दिल्लीला कळवले, पाहुणे बोलावले. त्यांच्यासमोर जिवंत माणसाची उडी ठरली.

उडी मारणार होता कृष्णात चौगुले, कागलचा शिपाई. वय सव्वीस. तो चार दिवस आधी आला आणि छत्रीच्या पट्ट्या अंगाला लावून पाहण्यासाठी शेडमध्येच बसू लागला. गप्पांना कोणी नसले की तो माझ्याशी बोले. घरी आई आहे, बायको आहे, दोन एकर उसाची जमीन आहे आणि नोकरी संपली की तिथे विहीर पाडायची आहे, असे त्याने मला सांगितले. जाताना माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, “तू अकरा येळा जाऊन आलास मल्लाप्पा. आता मला कसली भीती.”

मित्रांनो, मी इतक्या उंचावरून पडलो आहे, पण त्या थापेइतके मला काही लागले नाही.

उडीच्या दोन दिवस आधी माझ्या खांद्याचा पट्टा तुटला. चामड्याचे काम म्हणून देवाप्पाला बोलावले. तीन वर्षांनी तो माझ्याजवळ आला. मला मांडीवर घेण्यासाठी त्याने काखेत हात घातले, उचलले आणि तसाच थांबला. खाली ठेवले. पुन्हा उचलले. त्याच्या पाठीला माझे वजन पाठ होते.

“अक्का,” तो म्हणाला, “ह्यो मल्लाप्पा न्हवं.”

प्रमोदिनीबाईंना आधी कळले नाही. मग दोघांनी आणि कृष्णातने मिळून मला काट्यावर नेले. काटा एकशे अठ्ठावन्नवर थांबला. बाईंनी मला उतरवून पुन्हा चढवायला लावले. पुन्हा एकशे अठ्ठावन्न. बासष्ट रत्तल वाळू मी तीन वर्षांत नाचणीच्या शेतांत सांडून आलो होतो. बाईंनी चाचण्यांचे कागद काढून वजनाचा रकाना पाहिला. मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “सह्या माझ्या आहेत.”

कृष्णातला यात काय बिघडले ते समजेना. त्याचे गुरुजी शाळेत सांगत, दगड आणि पीस दोन्ही सारखेच पडतात, हलके-जड असा भेद नसतो. बाई म्हणाल्या, गुरुजींचे खरे होते, पण हवा काढून घेतली तर. हवा असली की गोष्ट बदलते. त्यांनी जुन्या कागदाचे पाच सारखे तुकडे केले आणि पाच सारखे शंकू वळले, शेंगदाण्याच्या पुड्यांसारखे. चार शंकू एकात एक बसवले. पाचवा एकटा ठेवला. दोन्हींचा आकार एकच, पण एकाचे वजन चौपट. कृष्णातला त्यांनी शिडीवर सोळा फुटांवर चढवले आणि त्याच्या हाती चौपट शंकू दिला. देवाप्पाला खोक्यावर उभे करून आठ फुटांवर एकटा शंकू धरायला लावला. टाळी वाजवली की दोघांनी सोडायचे.

बाईंनी टाळी वाजवली. दोन्ही शंकू टोक खाली करून सरळ उतरले आणि एकाच क्षणी फरशीला टेकले. एकाने सोळा फूट कापले होते, दुसऱ्याने आठ.

“वजन चौपट, तर वेग दुप्पट,” बाई म्हणाल्या. “मल्लाप्पा हलका होता म्हणून एकवीसने उतरला. तुम्ही पूर्ण वजनाचे आहात. तुम्ही पंचवीसने उतराल. एकवीस म्हणजे सात फुटांच्या भिंतीवरून मारलेली उडी, पंचवीस म्हणजे पाठीवर ओझे घेऊन पावणेदहा फुटांवरून मारलेली.”

कृष्णात शिडीवरच बसून राहिला. मग सावकाश म्हणाला, “हुकूम झाला तर मी उडी मारणारच, बाई. त्यो माझा धंदा हाय.”

“म्हणून तर हुकूम द्यायचा की नाही ते दुसऱ्या कोणीतरी बघायला हवं,” बाई म्हणाल्या आणि साहेबांना बोलवायला गेल्या.

हयवदन राव शेडमध्ये आले. त्यांनी काटा पाहिला, माझी फाटकी कूस पाहिली. शास्त्र त्यांना बाईंइतकेच ठाऊक होते, त्यामुळे कागदी शंकूंची त्यांना गरज नव्हती. ते म्हणाले, अकरा चाचण्या झाल्या आहेत, पाहुणे निघाले आहेत, आणि उडीचे शिक्षण घेतलेला शिपाई लाकडाच्या पुतळ्यापेक्षा चांगला उतरतो, पडताना लोळण घेतो. फरक फक्त सेकंदाला चार फुटांचा. आता थांबलो तर या छत्रीला पुन्हा कोणी विचारणार नाही, बाहेरचीच मागवतील. देवाप्पा मध्ये काही बोलू लागला तेव्हा त्यांनी त्याला चामड्यापुरते बोलायला सांगितले.

देवाप्पाने हातातला दाभण खाली ठेवला. डावा पाय ओढत तो साहेबांच्या समोर आला आणि विजारीचा पाय गुडघ्यापर्यंत वर केला. वाकडी जुळलेली नडगी सगळ्यांनी पाहिली. “ह्ये बी चामडंच हाय, साहेब,” तो म्हणाला. “ह्येच्यापुरतं बोलतो. त्या पोराला पुढं श्येतावर उभं ऱ्हायचंय.”

तरीही साहेबांनी उडी रद्द केली नाही. तेव्हा प्रमोदिनीबाईंनी चाचण्यांचे अकरा कागद माझ्या शेजारच्या बाकावर मांडले. प्रत्येकावरची आपली सही त्यांनी एक-एक रेघ मारून खोडली. रेघा सरळ आल्या.

“माझी सही नसेल तर उडी होऊ शकत नाही,” त्या म्हणाल्या. “नियम तुम्हीच केलेला आहे.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, “उद्या सकाळी पुन्हा पाडू. पूर्ण वजनाने, माझ्यासमोर. तो नीट उतरला तर परवा उडी होईल. आणि तुम्ही दोघे या कामावर राहणार नाही.”

“चालंल,” देवाप्पा म्हणाला. “पन शिवण मी घालणार.”

त्या दुपारी त्याने माझी कूस पूर्ण उसवली. कृष्णात पोत्याचे तोंड धरून वाळू ओतत होता, देवाप्पा लाकडी दांड्याने ठासत होता. हातात, पोटात, मांड्यांत माझे वजन परत येऊ लागले. तीन वर्षांनी मला जमीन पुन्हा आपली वाटली. काटा दोनशे वीसवर आला. मेणाच्या दोऱ्याने दुहेरी शिवण घालून देवाप्पाने गाठ दातांनी तोडली आणि सूर्य मावळायच्या आत मला विमानात नेऊन बसवले.

सकाळी आकाश स्वच्छ होते. खाली शेतात चौघे उभे होते, साहेब, बाई, देवाप्पा आणि कृष्णात. विमानाचे दार उघडले. आजवर मी पडत आलो होतो तो कोणी ढकलले म्हणून. त्या सकाळी मला स्वतःला पडायचे होते. पण मित्रांनो, माझ्या इच्छेला तिथे काही किंमत नव्हती, हे मला ठाऊक होते. वजन, हवा आणि कापड, एवढेच तिघे तिथे बोलणार होते. आणि मला तेच हवे होते.

वेग वाढला. हवेने रेटा दिला. मी तिला पूर्ण वजनानिशी भेटलो आणि तिला मला अडवायला पूर्वीपेक्षा जास्त जोर लावावा लागला. छत्री उघडली, छान उघडली, एकही दोरी गुंतली नाही. दोरीचा गोळा जमिनीला टेकला आणि बाईंचे घड्याळ सुरू झाले. जमीन अलगद येत नव्हती. ती धावत येत होती. एक, दोन, तीन, चार. माझ्या दोन्ही पायांतल्या सागाच्या पट्ट्या एकदम मोडल्या. तो आवाज शेतभर गेला.

सर्वांत आधी कृष्णात धावत आला. त्याने माझी उजवी नडगी चाचपली, मग डावी, आणि मातीत बसून आपल्या दोन्ही पायांवरून हात फिरवत राहिला. बाईंनी घड्याळ पुढे धरले. बरोबर चार सेकंद होते. हयवदन राव माझ्याजवळ गुडघे टेकून बसले. कॅनव्हासखाली मोडलेल्या पट्टीचे टोक त्यांनी बोटाने दाबून पाहिले. मग त्यांनी बाईंकडून अकरा कागद मागून घेतले आणि मांडीवर ठेवून एक-एक करत स्वतःची सहीसुद्धा खोडली.

“पाहुण्यांना मी तार करतो,” ते म्हणाले. “पुतळ्याचे पाय बसवून घ्या, देवाप्पा. आपल्याला पुन्हा सुरुवात करायची आहे.”

सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. साहेबांची बढती दोन वर्षे अडली. बाईंना वरून खुलासा मागणारे पत्र आले. त्यांनी उत्तर शेडमध्ये बसूनच लिहिले आणि देवाप्पाला मोठ्याने वाचून दाखवले. त्यात होते, की वजन न तपासता सही केली ही माझी चूक आहे, ती मला मान्य आहे. सही खोडली ही चूक नाही. पुढे वर्षभर त्यांना चाचणीवरून काढून ग्रंथालयात बसवले. त्या रोज डबा घेऊन शेडमध्ये येतच राहिल्या. साहेबांनी छत्रीचा घेर वाढवला, कापड तेच ठेवले. प्रत्येक उडीआधी मला काट्यावर चढवायचे, आणि चढवणाऱ्याने व वाचणाऱ्याने दोघांनी आकडा लिहायचा, असा नवा नियम झाला. नव्या छत्रीने मला बावीस वेळा पूर्ण वजनाने उतरवले. एकदाही पाय मोडला नाही.

१९६०च्या डिसेंबरात कृष्णात उडी मारून मारतहळ्ळीच्या शिवारात उतरला. लोळला, उठला आणि छत्री गुंडाळून चालत शेडपर्यंत आला. माझ्यापाशी बसला, बूट काढले, पाय पुढे पसरले. “जाग्यावर हाईत, मल्लाप्पा,” एवढेच म्हणाला.

पुढे परदेशी धर्तीचे रबरी पुतळे आले. त्यांना बोटे होती, गुळगुळीत चेहरे होते. मी शेडच्या मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. माझ्यावर धूळ बसली, उंदरांनी टाच कुरतडली, टाकाऊ सामानाच्या यादीत माझे नाव लागले. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू. पण मी खांदे पाडले नाहीत. १९६७ साली प्रमोदिनीबाईंनी अर्ज करून मला मागून घेतले आणि मल्लेश्वरमच्या एका मुलींच्या शाळेत, विज्ञानाच्या खोलीत आणून ठेवले. देवाप्पा तेव्हा निवृत्त झाला होता. तो एकदा येऊन माझी टाच शिवून गेला आणि जाताना शाळेच्या बाईंना बजावून गेला, की याला दर वर्षी तोलत जा.

तर मित्रांनो, मला दया नको. माझ्यावर कापड झाकून मला कोपऱ्यात ठेवू नका. मला उन्हात ठेवा, माझी शिवण बघा, उसवली तर लगेच घाला. आणि फक्त माझीच नाही. तुमच्या हाती जे जे मापाचे येईल, घड्याळ असो, काटा असो, फूटपट्टी असो, ते कालपर्यंत बरोबर होते म्हणून आजही आहे असे धरून चालू नका. तुमच्यापैकी कोणी उद्या मोठ्या खुर्चीवर बसेल आणि समोर सहीसाठी कागद येईल. बाहेर पाहुणे थांबलेले असतील, सगळे घाई करत असतील. त्या वेळी खुर्चीवरून उठा, खाली वाका आणि ती वस्तू एकदा स्वतःच्या हातांनी उचलून बघा. हलकी लागली तर तसे मोठ्याने सांगा. कोणाला आवडले नाही तरी सांगा.

या, सवयीसाठी माझ्यापासूनच सुरुवात करा. एकट्याने जमणार नाही, चौघेजण या. काखेत हात घाला आणि उचला. जड आहे मी.